इंदूआत्याची ओळखपरेड

इंदूआत्या कुणाच्याही घरात अनवाणी शिरायची नाही. दारात बाहेरच्या चपला काढायची, पिशवीतून स्वच्छ धुतलेल्या निळ्या रबरी स्लिपर काढून पायात चढवायची आणि मगच उंबरा ओलांडायची. घरची बाई दबक्या आवाजात "अहो, समोर देवघर आहे" म्हणाली की आत्या जागेवरूनच हात जोडायची. "देवाला हितूनच नमस्कार करते. देव वळखीचा हाय. तुमच्या घरातली वायरिंग वळखीची न्हाई."

बस म्हटलं तरी बसायची नाही. यजमान प्रवासाची चौकशी करत असायचा आणि हिची नजर त्याच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवरच्या होल्डरवर खिळलेली असायची. तिच्या पुतण्यासाठी घरचे सगळे राहुरीकडे मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, प्रश्न विचारून झाले, आणि मुलीच्या वडिलांनी भीत भीत विचारलं, "मग काय वाटतं तुम्हाला?" सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं, कारण घरात शेवटचा शब्द तिचा. आत्या म्हणाली, "पोरगी छान हाय. पन अर्थिंग न्हाई." मुलीच्या आईला वाटलं हा कुंडलीतला काही दोष असावा. तिने शांत करून घेऊ म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात परसात खड्डा खणला गेला, त्यात मीठ, कोळसा आणि पत्रा पडला, आणि मगच साखरपुड्याची तारीख निघाली.

ही माझ्या बायकोची, मनीषाची, आत्या. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात, एका शेतकरी घरात जन्मली. मुलींनी शिवणकाम शिकायचे ते दिवस, पण हिने आयटीआयला वीजतंत्रीचा अभ्यासक्रम घेतला आणि पुढे नगरला तिथेच शिकवायला लागली. वर्गात ती 'विद्युतप्रवाह' आणि 'रोधक' म्हणायची, घरी आली की 'करंट' आणि 'लई'. तिचे यजमान पोलिसात हवालदार होते. त्यांच्या सहवासाने तिची सगळी भाषा चौकीतली झालेली. ज्या वायरचं दुसरं टोक सापडत नाही ती 'फरार'. ज्या उपकरणाचा उपयोग कळत नाही ते 'संशयित'. निवृत्त झाल्यावर नात्यातलं, ओळखीतलं कुणी जुनं घर घेणार असलं की आत्याला आधी नेऊन दाखवत. त्या पाहणीला तिने दिलेलं नाव होतं ओळखपरेड.

मी प्रवरेकाठच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. लग्नानंतर पहिल्यांदा आत्या आमच्या भाड्याच्या घरी आली तेव्हा मी वाकून नमस्कार केला. तिने आशीर्वाद दिला आणि लगेच विचारलं, "जावईबापू, तुमच्या घराचा मेन स्विच कुठं हाय?" मला सांगता येईना. तिने मनीषाकडे बघितलं आणि उसासा टाकला. "बरं. कविता तरी येत आसतील."

काही वर्षांनी आम्ही कोल्हारला एक घर घ्यायचं ठरवलं. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुना बैठा बंगला विकायला होता. तो गावातल्या एका डॉक्टरांचा. दवाखानाही तिथेच असायचा. डॉक्टर विधुर, एकटे राहायचे. दोन वर्षांपूर्वी झोपेतच गेले होते. मुलं परदेशात, घराला कुलूप, आणि किल्ली एका एजंटाकडे. डॉक्टर मोठे हौशी गृहस्थ होते. घरभर त्यांनी काय काय बसवून ठेवलं होतं ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. आम्ही एका रविवारी सकाळी आत्याला घेऊन तिथे पोचलो.

एजंट तरुण, हसतमुख माणूस. त्याच्याकडे प्रत्येक अनोळखी वस्तूसाठी एकच उत्तर होतं. पुढच्या खोलीत भिंतीवर एक लाकडी पेटी होती, तिला काचेच्या छोट्या खिडक्या आणि प्रत्येक खिडकीखाली आकडा. आत्याने विचारलं, "हे काय?"

"ते शोसाठी आहे, मावशी. डॉक्टर हौशी होते."

आत्याने पेटीवरची धूळ पदराने पुसली, झाकण उघडून आत नाक घातलं. "कोनत्या खोलीतून पेशंट घंटी वाजवतोय ते हिच्यात कळायचं. बटन दाबलं की त्या आकड्याची पट्टी खाली पडायची." तिने पिशवीतून कागदाची चिठ्ठी काढली, 'ओळख पटली' असं लिहून पेटीला दोऱ्याने बांधली आणि एजंटाला म्हणाली, "शो टाकीजमधी आसतो, बाबा. भिंतीत न्हाई."

पाहणी सुरू झाली. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं. मोबाईलचा उजेड तिला चालायचा नाही. फोन आला की उजेड धरणारा बोलत बोलत बाहेर निघून जातो, हा तिचा अनुभव. टेस्टर लावायची तिची एक पद्धत होती. जिथे करंट नक्की आहे अशा जागी आधी लावायचा, मग संशयित जागी, मग पुन्हा पहिल्या जागी. मी कारण विचारलं.

"मधल्या येळेत टेस्टरच मेला आसंल तर? साक्षीदार पन तपासावा लागतो, जावईबापू."

स्वयंपाकघरात काटा असलेली करडी लोखंडी पेटी सापडली, ती जुन्या फ्रिजसाठी विजेचा दाब सांभाळणारी निघाली. खिडकीशी चिनी मातीचा पांढरा गोळा होता. रेडिओच्या उंच तारेवर वीज पडली तर ती घरात न येता जमिनीत जावी म्हणून तो बसवलेला. आत्या खूश होती. चुकून कुणी आवडीचं वाढल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. कोठीत मात्र एक काळी पेटी होती, आत बल्बचा होल्डर आणि जाळीचा तळ. तिच्यापुढे आत्या बराच वेळ उकिडवी बसली, वासही घेऊन पाहिला. शेवटी 'अनोळखी, हात लावू नये' अशी चिठ्ठी बांधून उठली.

मग डॉक्टरांच्या झोपायच्या खोलीत पलंगाच्या उशाशी एक गोल तपकिरी बटण दिसलं. आत्याने दाबलं. काही झालं नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही.

"हे बंद पडलंय," एजंट म्हणाला. "आणि असंही शोसाठीच."

आत्याने टेस्टर लावला. करंट होता. बटणातून एक वायर निघून भिंतीच्या बाहेर गेली होती, पुढे लोखंडी पायपात शिरून जमिनीत नाहीशी झाली होती. "फरार," आत्या पुटपुटली आणि पुन्हा एकदा बटण दाबलं.

फाटकाशी काठी वाजली. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, अंगात बंडी असलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांना धाप लागली होती.

"काय पायजे?" त्यांनी विचारलं.

खरं तर हा प्रश्न आम्ही विचारायला हवा होता. मी म्हणालो, "काही नाही, आजोबा. घर बघतोय."

"बरं," म्हणाले आणि हळूहळू परत गेले.

एजंटाने त्यांची पाठ वळताच कानाशी बोट फिरवलं. "शेजारचे तात्या. मोसंबीची बाग आहे त्यांची. माणूस चांगला, पण हल्ली भ्रमिष्ट झालेत. कोणी घर बघायला आलं की येऊन उभे राहतात. आजच पुण्याच्या मुलाकडे नेतायत, कायमचे. तुम्हाला शेजारचा त्रास नाही."

आत्या पुन्हा बटणाकडे गेली. वायरची ठिणगी कुठे दिसते का ते बघायला तिने मला बाहेर भिंतीशी उभं केलं आणि आतून बटण दाबलं. मला ठिणगी दिसली नाही. तात्या दिसले. ते शेजारच्या दारातून काठी टेकत भराभर येत होते.

"काय पायजे?"

"काही नाही, आजोबा."

"बरं."

एजंट म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" पण आत्या त्या सकाळी पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. तिने डोळे मिटले. वर्गात मुलांचं गणित चुकलं की ती अशी बसायची, असं मनीषाने मला नंतर सांगितलं. मग तिने मनीषाला गच्चीवर पाठवलं आणि शेजारच्या घरावर नजर ठेवायला सांगितलं. बटण दाबलं.

वरून मनीषाचा आवाज आला, "आत्या, आजोबा खोलीतून बाहेर आले. चप्पल घालतायत."

आत्याने माझ्याकडे बघितलं. तिचा आवाज एकदम हळू झाला होता. "जावईबापू, म्हातारं बटनाला लागलेलं हाय."

मला हसू आवरेना. मी म्हणालो, खात्री करायला आणखी एकदा दाबून पाहू. ती माझ्यावर ओरडली नाही, नुसता माझा हात बाजूला केला. "पुरे आता. मानूस हाय ते, बल्ब न्हाई."

मनीषाला बंगल्यातच ठेवून आम्ही फाटकात तात्यांना गाठलं आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर दोन बॅगा बांधून ठेवलेल्या होत्या. तात्यांचा धाकटा मुलगा विलास आणि सून सुनंदा दोघं अवघडून उभे राहिले. विलास बरीच वर्षं नगरजवळच्या नागापूरला कारखान्यात होता, अलीकडेच गावी परतून बाग बघायला लागला होता. तो वाईट माणूस नव्हता. रडवेला झाला होता.

"यांनी परत तुम्हाला त्रास दिला का? काय करू सांगा. डॉक्टर जाऊन दोन वर्षं झाली. अन् हे म्हणतात, डॉक्टरची घंटी वाजली. वाजली की उठून पळतात. परवा पायरीवरून पडता पडता वाचले. तिकडं भाऊ मोठ्या डॉक्टरला दाखवणार आहे, डोक्याच्या."

तात्या कुणाकडे न बघता म्हणाले, "वाजती, तर वाजती म्हनायचं न्हाई व्हय?"

"कुठं वाजती ते दाखवा," आत्या म्हणाली.

तात्यांनी आम्हाला आपल्या खोलीत नेलं आणि काठीने भिंतीकडे बोट केलं. तिथे भिंतभर लाकडी कपाट ठोकलेलं होतं, विलासने गावी आल्यावर मुलांच्या कपड्यांसाठी करवून घेतलेलं. "ह्याच्या मागं. मी सुताराला सांगत हुतो, तर ह्यो म्हनला तात्या, मधी बोलू नका."

सुनंदा चाचरत म्हणाली, "एकदा मलापन काहीतरी टर्रर्र झाल्यासारखं वाटलं होतं. मला वाटलं कुणाचा तरी मोबाईल."

आत्याने विलासला स्क्रू काढायला लावले. कपाटाची मागची फळी सरकवली. आत अंधारात, जळमटांमध्ये, पितळी वाटीची एक जुनी घंटी भिंतीला बसवलेली होती. आत्याने मनीषाला फोन लावला आणि डॉक्टरांच्या खोलीतलं बटण दाबायला सांगितलं.

घंटी वाजली. विलास तिथेच खाली बसला.

मग तात्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांची बायको गेली आणि त्यांनाही छातीचं दुखणं लागलं तेव्हा दोघा मित्रांनी मिळून ही घंटी बसवली होती. "एकदा वाजली की चहाला ये. सारखी वाजली की पळत ये. पळत जायाची येळ कधी आली न्हाई. चहाला मातर रोज जायचो." त्यांनी घंटीवरचं जळमट बोटाने काढलं. "शेवटच्या दिवशी वाजलीच न्हाई. झोपंत गेला तो. मला सकाळी कळलं. आता हे गिऱ्हाईक येत्यात, बटनं दाबत्यात, हे मला काय समजत न्हाई व्हय? पन घंटी झाल्यावर हितं बसवत न्हाई. त्या दिवशी गेलो नव्हतो ना."

घर बघायला येणारा प्रत्येक जण ते बटण दाबून 'बंद आहे' म्हणत होता, आणि दर वेळी एक म्हातारा माणूस उठून निघत होता. एजंट दारात उभा होता. तो त्या दिवशी पुन्हा 'शो' हा शब्द बोलला नाही.

आत्या विलासकडे वळली. मला वाटलं, आता हा झोडला जाणार. पण ती वर्गातल्या शुद्ध मराठीत, सावकाश बोलली, "तुमच्या वडिलांचे कान उत्तम आहेत. स्मरण उत्तम आहे. पाय जरा कमजोर आहेत, त्यावर उपचार करा. बाकी दोष कपाटात आहे."

विलासने ओट्यावरच्या बॅगा आत नेल्या. सुनंदाने चहा टाकला. तात्यांनी चहा बशीत ओतला आणि आत्याला विचारलं, "बाई, तुमी मास्तरीन का?"

"व्हय."

"तरीच. माझं सगळं ऐकून घेतलं तुमी."

परत येताना मी आत्याला विचारलं, घर घ्यायचं का? वायरिंग सगळी बदलावी लागेल, जुन्या वायरी धरणाऱ्या लाकडी पट्ट्या काढाव्या लागतील, एवढं तिने बजावलं. मग म्हणाली, "घ्या. शेजार चालू हाय."

आम्ही घर घेतलं. जुनी वायर आत्याने धोक्याची ठरवली. जमिनीतल्या पायपात पाणी शिरलेलं होतं आणि भर करंट तिथून ओलीतून चालला होता. ती काढायची म्हटल्यावर तात्या काठी उचलून घरी निघाले. आत्याने त्यांना काहीच न सांगता कमी दाबाची नवी वायर ओढवून घेतली, कपाटाला भोक पाडून घंटी पुढच्या बाजूला बसवली आणि मनीषाला ताकीद दिली, "रोज चहाला बोलवायचं. बटन नुसतं दाबायचं न्हाई, चहा टाकून मग दाबायचं." तसंच चालू राहिलं. कोठीतल्या काळ्या पेटीचा उलगडाही अशाच एका चहाला झाला. तात्यांनी चिठ्ठी वाचली आणि इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. डॉक्टरांनी ती पेटी अंडी उबवायला केली होती. पिल्लं निघाली, ती दवाखान्यात हिंडायला लागली, आणि पेशंटांनी तक्रार केल्यावर डॉक्टरांनी तो उद्योग सोडला. आत्याने चिठ्ठी सोडून 'कोंबडी' असं लिहिलेली दुसरी बांधली. आपण हरलो याचं तिला जराही वाईट वाटलेलं दिसलं नाही. ती महिनाभर ते सगळ्यांना सांगत होती.

त्यानंतर ती आणखी बरीच घरं बघत राहिली. शेवटचं घर श्रीरामपूरकडचं. मीच तिला गाडीतून नेलं होतं. ती शिडीवर चढली, टेस्टर काढला आणि तशीच थांबली. मग काही न करता खाली उतरली. घरमालकाला म्हणाली, "दुसरं मानूस बघा, भाऊ. माझा हात हलतोय." त्याने पुष्कळ आग्रह केला. थोडी विश्रांती घेऊन बघा, पुढच्या रविवारी या. ती म्हणाली, "रविवारी हात आनखी हलंल." त्यांच्याकडचे पोहे मात्र तिने पोटभर खाल्ले.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ती खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत होती. म्हणाली, "हलत्या हातानं काम करनाऱ्या पोरांना मी वर्गातून भाईर काढायचे. आज मला काढलं. न्याय झाला." आणि मग गाडीतल्या डॅशबोर्डवरचा एक लाल दिवा दाखवून, तो कशाचा आहे ते मला ठाऊक आहे का, असं विचारलं. मला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. वाटेत गॅरेजवर थांबून विचारून घेतल्यावरच तिने मला पुढे जाऊ दिलं.

आत्या गेल्या हिवाळ्यात गेली. कंप वाढत गेला होता, शेवटी घासही दुसऱ्याने भरवावा लागायचा. त्यातही ती भरवणाऱ्या मुलीला चमचा कसा धरायचा ते शिकवायची. तात्यांना आम्ही सांगणार नव्हतो, वय झालेलं. पण कळल्यावर ते हट्टाने विलासला घेऊन नगरला आले.

घर माणसांनी भरलेलं होतं. आत्याच्या हाताखाली शिकलेले, आता स्वतः निवृत्त झालेले कितीतरी जण भिंतीला टेकून बसले होते. तात्या काठी टेकत आत आले, फोटोला हात जोडले आणि सतरंजीच्या कडेला बसले. आत्याच्या मुलीने त्यांना पाणी दिलं. तिने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. तिने अदबीने विचारलं, "आजोबा, आपण आईचे कोण?"

तात्यांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"मी कोल्हारचा," ते म्हणाले. "ह्या बाईनं मला येडा ठरू दिलं न्हाई."